चार इंचांचा प्रश्न

काउंटरवरच्या हिरव्या कापडावर दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्ही .30-06 च्या, दोन्ही परदेशी, अनेक हातांतून फिरलेल्या. एकीची नळी 24 इंचांची, दुसरीची 20 इंचांची. चेन्नईतल्या या जुन्या बंदुकांच्या दुकानात मी एका परिचित गृहस्थांबरोबर आलो होतो. त्यांचा वायनाडमध्ये कॉफीचा मळा आहे. खांद्यावर घेऊन फिरता येईल अशी हलकी रायफल त्यांना हवी होती आणि या दोहोंतून एक निवडायची होती.

आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार संपली आणि ती संपली हे योग्यच झालं. पण रानडुकरांनी पिकांची केलेली नासाडी हा दक्षिणेतल्या शेतकऱ्यांचा खरा त्रास आहे. केरळने 2022 मध्ये पंचायतींच्या प्रमुखांना अशी रानडुकरं मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार दिले. ते काम पंचायतीच्या यादीतले परवानाधारक बंदूकधारी करतात. आमचे गृहस्थ अशाच एका यादीत आहेत. तमिळनाडूने जानेवारी 2025 मध्ये वेगळी वाट धरली. राखीव जंगलापासून तीन किलोमीटरच्या पलीकडे आलेलं डुक्कर मारायचं, पण ते वनखात्याच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनीच. मला ही वाट अधिक पटते. असो.

दुकानातल्या कारागिराला सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी बोल्ट मागे ओढून चेंबर आधी डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी आत घालून पुन्हा तपासलं. दुसऱ्या रायफलीचंही तसंच केलं. मग बोल्ट बंद केला, नळीच्या तोंडातून लाकडी गज आत सोडला, तो बोल्टच्या तोंडाला टेकल्यावर नळीच्या कडेशी पेन्सिलची खूण केली आणि गज बाहेर काढून टेप लावली. नळी अशी मोजतात. म्हणजे काडतूस बसतं ती जागाही लांबीत धरली जाते. .30-06 ची पुंगळी सुमारे 63 मिलिमीटर, अडीच इंच. वीस इंचांतले अडीच तिथेच गेले. गोळीला धावायला उरले साडेसतरा.

गृहस्थांची पहिली शंका वेगाची होती. नळी आखूड झाली की गोळीचा जोर कमी होणार ना? होतो, पण किती, ते पाहायला हवं. आजच्या धूरविरहित दारूचा बहुतेक भाग नळीच्या सुरुवातीच्या काही इंचांतच जळतो. पुढे फुगत जाणारा वायू गोळीला ढकलत राहतो आणि दर इंचामागे सेकंदाला साधारण 20 ते 30 फुटांची भर पडते. 180 ग्रेनची गोळी 24 इंचांच्या नळीतून सेकंदाला 2,700 फुटांच्या आसपास निघत असेल, तर 20 इंचांच्या नळीतून ती 2,600 च्या आसपास निघेल. कॉफीच्या झाडांमधून पन्नास-साठ मीटरांवर दिसणाऱ्या डुकराला हा फरक जाणवायचाही नाही.

जुन्या तोड्याच्या बंदुकांची गोष्ट वेगळी होती. दुकानापासून फार लांब नसलेल्या एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात तंजावरच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारातून आलेली शस्त्रं आहेत. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावरला जे मराठी राज्य उभं केलं आणि जे 1855 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केलं, त्याच्या दरबारातली. काळ्या दारूचा दाब कमी, तेव्हा तिच्याकडून काम करून घ्यायला नळी लांब लागायची. शिवाय लांब नळीने नेम धरायला सोपं जायचं. दारू बदलली आणि लांबीचं पहिलं कारण गेलं. दुसरं मात्र उरलं. पुढच्या-मागच्या साइटमध्ये 50 सेंटिमीटर अंतर असताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर शंभर मीटरांवर गोळी 10 सेंटिमीटर चुकते. तेच अंतर 40 वर आलं की साडेबारा. दुर्बीण बसवली की हा मुद्दाही निकालात निघतो, आणि दोन्ही रायफलींवर ती बसवायची सोय होती.

मग उरतं वजन. मी कागदावर हिशेब केला. टोकाशी 15 मिलिमीटर जाडीची पोलादी नळी, आतलं भोक साडेसात-पावणेआठचं. एका इंचाचं वजन सव्वीस ग्रॅमच्या आसपास येतं. चार इंचांचे शंभर-एकशेपाच ग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण हे वजन हातापासून सर्वांत लांब, अगदी टोकाला असतं. अण्णांनी दोन्ही रायफली मॅगझिनच्या पुढे एका बोटावर तोलून दाखवल्या. लांब नळीची लगेच पुढे झुकली. गृहस्थांनी डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि उघडून पाहायचं, असं अण्णा त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेत होते. आखूड रायफल दर वेळी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर सरळ येत होती. लांब रायफल पोचायला वेळ घेत होती, पण एकदा पोचली की कमी हलत होती.

हे स्थिर राहणं मला फार मोलाचं वाटतं. निलगिरीच्या गवताळ कड्यांवर ताहर या रानबकऱ्याच्या मागे चढणाऱ्या इंग्रजांनाही हाच पेच होता. चढताना रायफल हलकी हवी, आणि दम लागलेला असताना लांबवर नेम धरायला ती जड हवी. 1903 च्या मान्लिखर-शोनाअर कार्बाइनची नळी जेमतेम 45 सेंटिमीटरांची होती आणि डोंगरात फिरणाऱ्यांना ती आवडायची. ताहर उरावेत म्हणून निलगिरीतच 1877 मध्ये शिकाऱ्यांची संस्था निघाली आणि 1879 मध्ये कायदाही झाला. आज ताहर तमिळनाडूचा राज्यप्राणी आहे.

आखूड नळीचा खरा दोष दुकानात दिसत नाही. गोळी बाहेर पडताना आतला दाब अजून बराच असतो, म्हणून बार कानठळ्या बसवणारा होतो आणि तोंडाशी ज्वाळ मोठी दिसते. डुकरं येतात रात्री. त्या ज्वाळेने डोळे दिपले तर दुसरी गोळी कुठे जाईल ते कळत नाही, आणि मळ्यात मजुरांची घरं असतात. म्हणून माझं मत 22 इंचांच्या बाजूचं होतं. पण तशी रायफल तिथे नव्हती. खाजगी आयात 1980 च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद झाल्यामुळे परदेशी रायफल जुन्यांतूनच निवडावी लागते.

"लांब घ्यावी आणि दोन इंच कापून घ्यावी," असं गृहस्थ म्हणाले. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तो नसताना नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. गुळगुळीत नळीच्या बंदुकीला तर 20 इंचांची मर्यादाच घातलेली आहे. त्याहून आखूड असेल तर ती सामान्य परवान्यात बसत नाही. आणि हा कठोरपणा मला मान्य आहे. कापलेली बंदूक अंगरख्याखाली लपते, आणि लपवायची बंदूक शेतकऱ्याला लागत नाही.

शेवटी अण्णांनी भिंग काढलं आणि दोन्ही नळ्यांची तोंडं दिव्याखाली धरली. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू सगळ्या बाजूंनी सारखा निसटायला हवा, म्हणून तिथली कड निर्दोष लागते. 24 इंचांच्या नळीच्या कडेला एक बारीक खाच होती, बहुधा पोलादी गजाने वर्षानुवर्षं घासल्याची. अण्णांच्या मते ती वेगापेक्षा आणि लांबीपेक्षा मोठी गोष्ट होती. ती खाच काढायची तर लेथवर नळीचा मिलिमीटरभर भाग जाणार, आणि कागद आल्याशिवाय ते लेथला हात लावणार नव्हते. गृहस्थांनी 20 इंचांची रायफल पसंत केली आणि कानांवर घालायचे दोन मफ मागितले, एक स्वतःसाठी आणि एक बॅटरी धरणाऱ्या माणसासाठी.