तण की भाजी?

शेतमालक जिला तण म्हणतो आणि खुरपणारी बाई जिला भाजी म्हणते, ती घोळ एकच. तेव्हा मित्रहो, घोळीची भाजी कशी करावी हे सांगता सांगता मी थोडे मजुरीविषयीही बोलणार आहे.

प्रथम ओळख. भुईसरपट पसरणारी, लालसर रसाळ देठांची, जाड गुळगुळीत पानांची आणि बारीक पिवळ्या फुलांची ती घोळ. तिची बारीक पानांची बहीण म्हणजे चिवळ; विदर्भात उन्हाळ्यात ती बेसन पेरून किंवा मुगाच्या डाळीत करतात. घोळीसारखीच भुईला चिकटून वाढणारी एक चिकाची वनस्पती असते. ती खाऊ नये. परीक्षा सोपी आहे. देठ मोडावा; पांढरा चीक आला की ती घोळ नव्हे.

आता कृती. मुळे व जाड देठ काढून कोवळे देठ ठेवावे. पानांच्या बेचक्यात माती असते. तीनचार पाण्यांनी धुतल्यावाचून चिरू नये. लसूण-मिरचीच्या फोडणीत भाजी परतावी. तिला स्वतःचेच पाणी सुटते. मग शिजलेली तुरीची डाळ घोटून घालावी. चिंच नको, कारण घोळ मुळातच आंबट.

ही आंबटाई कोठून येते? पाण्याचा ताण पडला की घोळ दिवसा पानांची रंध्रे मिटते व रात्री उघडते. रात्री घेतलेला कर्बवायू ती आम्लाच्या रूपाने साठवते. म्हणून कोरड्या रानातली पहाटे खुडलेली घोळ सायंकाळच्या घोळीपेक्षा अधिक आंबट लागते. शिवाय तिच्यात ऑक्झॅलिक आम्लही पुष्कळ असते. ती ताक-बेसनात करण्याची जुनी रीत आहे, तिच्यात शहाणपण आहे. ताकातील कॅल्शियम त्या आम्लाला बांधून ठेवते व ते अंगात कमी शोषले जाते. मूतखड्याचा विकार असणाऱ्यांनी तरीही जपूनच खावी.

प्रत्येक रानभाजीचा असा स्वतःचा कायदा आहे. टाकळा पावसाच्या आरंभी, कोवळा असतानाच खुडावा. शेवळ घशाला खाजते, म्हणून ठाणे-रायगडकडे ते काकडाची आंबट फळे घालून शिजवतात. हे कायदे कोणत्याही विधिमंडळाने केले नाहीत. कमरेत वाकून राबणाऱ्या बायांनी ते पिढ्यान् पिढ्या राखले.

1977 साली निघालेल्या, जगातील उपद्रवी तणांवरच्या एका प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथात घोळीचेही नाव आहे. ते खोटे नाही. उपटून वाफ्यातच टाकलेली घोळ सहसा मरत नाही. ओल मिळताच पुन्हा मूळ धरते. मग जी बाई ती ओच्यात घालून घरी नेते, ती शेताचे नुकसान करते की उपकार? आमच्या संघटनेतील एका बाईला मालकाने बांधावर ओचा रिकामा करायला लावला. “शेतातले काही न्यायचे नाही,” म्हणाला. तिची आठवड्याची मजुरी त्याच्याकडे थकली होती. पण तणावरची मालकी त्याला सोडवेना!

आता तणनाशके आली आहेत. शेतकऱ्याची अडचण मला ठाऊक आहे. खर्चाचा आणि भावाचा मेळ त्यालाही बसत नाही. परंतु एक फवारणी झाली की बाईचा खुरपणीचा रोज जातो आणि तिच्या ताटातली फुकटची भाजीही जाते. फवारलेल्या रानातली घोळ हिरवी दिसली तरी खाऊ नये, गटाराकाठचीही नको. म्हणजे जिला भाजी ओळखता येते, तिलाच ती कोठून खुडावी असा प्रश्न पडला आहे.

आपण शहरातली माणसे रानभाजी महोत्सवांना हौसेने जातो. जावे. पण जुडी हातात घेऊन घासाघीस करताना एवढे ध्यानात ठेवावे की, आपण पाल्याचा भाव करीत नाही. ओळखणे, वाकणे, निवडणे, पहाटे उठून बाजार गाठणे, या सगळ्याची ती मजुरी आहे. भाजी रानाने फुकट दिली असेल. बाईचे श्रम फुकट नाहीत.