या हाताचे त्या हाताला

हे वर्तमानपत्र क्षणभर बाजूला ठेवा. दोन्ही हात टेबलावर पालथे टेकवा आणि फक्त अंगठ्याजवळची बोटे हलवा. दोन्ही एकदम डावीकडे, मग दोन्ही एकदम उजवीकडे, मोटारीच्या काचेवरच्या वायपरसारखी. सावकाश चालले आहे तोवर काही अडचण येत नाही. आता वेग वाढवत न्या. एका क्षणी बोटे तुमचे ऐकेनाशी होतील आणि आरशातल्या जोडीसारखी एकमेकांकडे येऊ लागतील, एकमेकांपासून दूर जाऊ लागतील. हे तुम्ही ठरवून केलेले नसते, ते आपोआप होते. स्कॉट केल्सो या संशोधकाने १९८४ साली हा प्रकार नीट मोजून मांडला. ठराविक वेगानंतर दोन हात आपापली वाट सोडून एकाच वाटेला लागतात, आणि तरुण, धडधाकट माणसांचेही तसेच होते.

बावन्नाव्या वर्षी पियानो शिकायला बसलेल्या माणसाला ही गोष्ट कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी. मला माझ्या मिसनी ती सांगितली, म्हणून मी टिकलो. मूळच्या गोव्याच्या आणि आयुष्यभर माहीमला शिकवत आलेल्या या बाईंकडे अधूनमधून माझ्यासारखे पिकल्या केसांचे विद्यार्थी येतात. उजव्या हाताची चाल त्यांना पंधरवड्यात येते. डाव्या हाताचे काम त्याहून सोपे असल्याने तेही येते. मग मिस म्हणतात, "आता दोन्ही हात एकत्र." आणि तिथे सगळे कोसळते. जो हात काल बिनचूक वाजवत होता, तो आज पहिल्याच सुरावर अडखळतो. विद्यार्थी मान हलवतो, "आपले वय झाले, लहानपणीच शिकायला हवे होते," असे म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. घरातल्या पियानोवर किंवा की-बोर्डवर झाकण पडते आणि त्यावर फोटोंच्या चौकटी येतात.

लहान वयाचा फायदा असतो हे खरे. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा एक जाड पूल असतो. सात वर्षांच्या आत वाद्य हाती घेतलेल्या वादकांमध्ये त्या पुलाचा पुढचा भाग मोठा आढळतो, असे गॉटफ्रीड श्लाउग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले. पण गोष्ट तिथे संपत नाही. २००४ साली जर्मनीत काही तरुणांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवण्याचा खेळ तीन महिने शिकवला, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या काही भागांत वाढ दिसली. सराव थांबल्यावर ती ओसरली. २००८ साली हाच प्रयोग साठीच्या आसपासच्या लोकांवर झाला. त्यांच्यापैकी कमी जणांना तो खेळ साधला, पण ज्यांना साधला त्यांच्या मेंदूतही बदल दिसला. थोडक्यात, दार बंद झालेले नसते, फक्त जड झालेले असते.

मग अडते कुठे? 'हातांचे स्वातंत्र्य' या शब्दातच खरी फसगत आहे, असे मला वाटते. या शब्दामुळे माणूस एका हाताला दुसऱ्यापासून तोडायला निघतो. डावा काय करतो आहे तिकडे दुर्लक्ष करू, उजव्याकडे लक्ष देऊ, मग उलट. मनाचे लक्ष मात्र एकच असते. ते दोन हातांत वाटायला गेले की दोघेही उपाशी राहतात.

आपल्याकडे याचे उत्तर फार जुने आहे, फक्त ते तबल्याच्या वर्गात आहे. 'धा' म्हणजे काय? उजव्या हाताने तबल्यावर 'ना', डाव्याने डग्ग्यावर 'गे', दोन्ही एकाच वेळी. पण तबला शिकणारा मुलगा 'ना अधिक गे' असे म्हणत नाही. तो 'धा' म्हणतो. दोन हातांच्या कामाला एक नाव आहे, ते तोंडाने म्हणता येते, आणि जे तोंडाला येते ते हाताला येते. 'धा धिं धिं धा' म्हणणाऱ्याच्या मनात दोन हात नसतातच, एक ठेका असतो.

हीच युक्ती पियानोवर चालते. शिकाऊ लोकांना हमखास दिले जाणारे एक मिन्युएट आहे. १७२५ साली सुरू झालेल्या आना माग्डालेना बाख यांच्या वहीत ते सापडते. पुष्कळ वर्षे ते योहान सेबास्टियन बाख यांचे समजले जाई, पण ते क्रिस्टियान पेट्झोल्ड यांचे आहे. त्याच्या पहिल्या बारमध्ये, म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या पहिल्या तुकड्यात, तीन मात्रा आहेत. उजवा पाच स्वर वाजवतो, डावा फक्त दोनदा उतरतो, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. हे दोन कप्प्यांत लक्षात ठेवायला गेले की गोंधळ होतो. त्याऐवजी मिसनी मला मांडीवर थापट्या मारत म्हणायला लावले: "दोन्ही, उजवा-उजवा, दोन्ही-उजवा." पाच शब्दांचा बोल. तो तोंडी बसल्यावर पट्ट्यांवर हात ठेवायचा, आणि इतका सावकाश वाजवायचा की ऐकणाऱ्याला कंटाळा यावा. वेग वाढला की हात जुन्या जोडीकडे पळतात, हे केल्सोंनी दाखवलेच आहे. म्हणून सावकाश वाजवण्याला कमीपणा मानू नये. नवी जोडी तिथेच बांधली जाते.

तीनास दोनची लय घ्या. डेब्यूसीच्या पहिल्या अरबेस्कमध्ये उजवा तीन स्वर वाजवतो, तेवढ्यात डाव्याचे दोन होतात. आपल्याकडे ही दीडपट. सहापर्यंत मोजा: उजवा एक, तीन, पाचवर, डावा एक आणि चारवर. बोल तयार होतो: "दोन्ही, उजवा, डावा, उजवा." लयकारीची सवय असलेल्याला हे समजवावे लागत नाही.

माझ्यासारख्या पेटीवाल्याची अडचण मात्र थोडी निराळी असते. पेटीवर डावा हात भाता मारतो. त्याला सूर नसतो, श्वास असतो. उजव्याने जोर काढला की डाव्याने हवा वाढवायची, ही वर्षानुवर्षांची गाठ. पियानोवर उजव्याचे गाणे वर यायचे तर डाव्याने मवाळ राहावे लागते. उजवा दाबला की डावाही दाबला जातो, आणि गाणे साथीखाली बुडते. स्वर जुळतात, वेळ जुळते, पण वजन जुळत नाही. मला सर्वांत जास्त दिवस यालाच लागले, आणि अजून लागत आहेत.

त्यात डाव्या हाताला आपण कधी पुढे येऊ दिलेले नसते. जेवायला उजवा, प्रसादाला उजवा, कुणाला काही द्यायचे तर उजवा. डाव्याने कांदा धरून ठेवायचा, उजव्याने चिरायचा. मिस म्हणतात, "आधी डाव्याला शिकवा. उजव्याला गाणे आपोआप सापडते." साधी सा-रे-ग-म वाजवतानाही याचा अर्थ कळतो. चढताना उजव्याचा अंगठा 'म'वर बोटांखालून सरकतो. डाव्याचे मधले बोट अंगठ्यावरून पलीकडे जाते ते 'ध'वर. सूर तोच, पण वळणे वेगळ्या जागी. तेच सप्तक मधून सुरू करून दोन्ही हात उलट दिशांना नेले, की दोन्हीकडे तीच बोटे एकदम पडतात आणि हात खुशीत चालतात. टेबलावरच्या बोटांचाच हा नियम.

मोठ्या संगीतकारांनाही ही पायरी नीट माहीत होती. बेला बार्टोक यांनी १९२६ ते १९३९ या काळात 'मिक्रोकॉसमॉस' नावाचे १५३ तुकडे सहा भागांत रचले. त्यातल्या पहिल्या सहांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात. आधी एकत्र चालायला शिका, मग जरा वेगळे व्हा. बाख यांनी १७२३ साली शिकणाऱ्यांसाठी पंधरा दोन-आवाजी इन्व्हेन्शन्स नीट लिहून काढल्या. पहिल्या रचनेत उजवा एक वाक्य बोलतो, आणि अर्ध्या बारनंतर डावा तेच वाक्य खालच्या सप्तकात बोलतो. तिथे डावा साथीदार राहत नाही, त्याला स्वतःचे म्हणणे असते. पण ते तो पहिल्याचे ऐकून बोलतो. संवादात दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली तर संवाद उरत नाही.

दान करताना या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपण म्हणतो. दानाच्या बाबतीत ते योग्यच आहे. वाजवताना मात्र या हाताचे त्या हाताला सतत कळत राहावे लागते, आणि आपण ज्याला हातांचे स्वातंत्र्य म्हणतो ते या कळण्यातूनच येते. तेव्हा कुणी पन्नाशीनंतर दोन हात एकत्र करताना अडखळला असेल, तर त्याने त्याचा दोष जन्मतारखेवर टाकू नये. फोटोंच्या चौकटी उचलाव्यात, झाकण उघडावे, एकच बार घ्यावा आणि त्याचा बोल आधी तोंडाने म्हणावा.