समोरचा कप कागदावर

मोठ्या माणसाच्या हाती पेन्सिल देऊन काहीतरी काढायला सांगितलं, की बहुतेक वेळा तेच उतरतं: दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, झोपडी, नदी, नारळाचं झाड आणि मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. शाळेत पाठ झालेलं चित्र. त्यातलं काहीच आपण पाहून काढलेलं नसतं. चित्र शिकायचं म्हणजे ही पाठांतराची सवय सोडवायची. हात त्या मानाने लवकर तयार होतो.

आधी साहित्य. एचबी, टूबी आणि सिक्सबी अशा तीन पेन्सिली पुरतात. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. ग्रॅफाइट आणि माती यांचं मिश्रण असतं. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, माती कमी तर मऊ आणि काळी. ‘बी’च्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकी ती काळी. महागडी स्केचबुक मुद्दाम सांगत नाही, कारण गुळगुळीत कोऱ्या पानावर वाईट रेघ मारायची भीती वाटते. पाठकोरे कागद घ्या. खोडरबर पहिले आठ दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिल्या दिवशी फक्त रेषा. कागदावर दोन ठिपके द्या, पेन्सिल न टेकवता त्यांच्यामधून हात दोन-तीनदा फिरवा आणि मग एका दमात रेघ ओढा. नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, पोचायच्या ठिपक्यावर हवी. मनगट टेकवून लिहिल्यासारखं काढलं की रेघ तुकड्यातुकड्यांनी, केसाळ होते. लांब रेघेसाठी हात खांद्यातून हलवायचा. रेघ वाकडी आली तर तिच्याशेजारी दुसरी ओढा, पहिली तशीच राहू द्या.

मग डोळ्यांना वळण लावणारा एक गमतीचा प्रयोग. एखादं साधं रेखाचित्र घ्या. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं चालेल, त्यांची रेघ स्वच्छ असते. ते उलटं, डोकं खाली पाय वर असं ठेवा आणि तसंच उतरवा. अमेरिकेच्या बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकातून हा उपाय लोकप्रिय केला. चित्र उलटं असलं की ‘हे नाक, हा हात’ असं चटकन कळत नाही, म्हणून नाइलाजाने नुसती वळणं आणि अंतरं पाहावी लागतात. मध्येच कागद सुलटा करून बघायचा मोह होतो, तो टाळा.

आता खरं काम: वस्तुचित्र, म्हणजे समोर ठेवलेली वस्तू पाहून काढणं. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत याची वेगळी प्रश्नपत्रिका असते. आपण कानाचा पांढरा कप घेऊ. स्टीलचा तांब्या घेऊ नका. त्यात अख्खं स्वयंपाकघर दिसतं आणि नवशिका गोंधळून जातो.

कप हात पोचणार नाही इतका लांब, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवा. हात कोपरात न वाकवता समोर ताठ धरा, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक कपाच्या डाव्या कडेवर आणि अंगठ्याचं नख उजव्या कडेवर येईल असं धरून रुंदी मापा. तेच माप न हलवता उभं करून उंचीशी ताडून पाहा. कप रुंदीइतकाच उंच दिसतो की सव्वापट? आपल्याला हवं ते एवढं प्रमाण. इथे नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या मापाच्या वेळी कोपर नकळत वाकतं. पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि सगळं माप बिघडतं.

प्रमाण मिळालं की कागदावर एक उभी मध्यरेषा फिकट ओढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारखी रुंदी घ्या. कपाचं तोंड गोल असलं तरी बसल्या जागेवरून लंबवर्तुळ दिसतं, म्हणजे वरून दाबल्यासारखा गोल. त्याची दोन्ही टोकं डोळ्याच्या कोपऱ्यासारखी अणकुचीदार करू नका. तिथेही रेघ वळलेलीच असते, फक्त झटकन.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती बुडाशी. टेबल सपाट आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून कपाचं बूड आपण सरळ रेघेने काढतो. मी स्वतः कितीतरी दिवस तसंच काढत होतो आणि कप पुठ्ठ्यातून कापल्यासारखा का दिसतो ते कळत नव्हतं. एक करा: कप हळूहळू डोळ्यांच्या पातळीपर्यंत उचला. तोंडाची नुसती आडवी रेघ होईल. खाली आणत जा, लंबवर्तुळ फुगत जाईल. बूड तोंडापेक्षाही खाली असतं, म्हणून त्याचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा थोडा जास्तच हवा.

कान काढताना कानाकडे पाहूच नका. कान आणि कप यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते, तिचा आकार काढा. कान कसा असतो ते आपल्याला ‘माहीत’ असतं. त्या पोकळीबद्दल मात्र आपलं काहीच मत नसतं, म्हणून ती बरोबर येते.

शेवटी छटा. उजेड एकाच बाजूने हवा. खिडकी असेल तर ट्यूबलाइट बंद करा. डोळे किलकिले केले की बारकावे पुसट होतात आणि उजेडाचे व अंधाराचे मोठे तुकडे वेगळे दिसतात. आधी ते दोनच भाग करा, मधल्या छटा नंतर. कप जिथे टेबलाला टेकतो तिथली सावली सगळ्यात गडद, तिथे सिक्सबी बिनधास्त दाबा. नवशिका काळं करायला घाबरतो आणि सगळा कप राखाडी होऊन बसतो. बोटाने छटा फासायचीही घाई करू नका. चित्र गुळगुळीत होतं, पण आकार मळतो.

कागदाच्या कोपऱ्यात तारीख घाला आणि कप तिथेच राहू द्या. उद्या खुर्ची थोडी सरकवून पुन्हा तोच काढा. आठवडाभरात खोडरबर परत आणायला हरकत नाही. कपानंतर कांदा, मग वांगं, मग दारातली चप्पल. तांब्या अजून महिनाभर ओट्यावरच असू द्या.