दगडामातीचे दप्तर

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनीच्या पुढे विंझर लागते. शिळीमकर देशमुखांच्या गुंजण मावळातले हे गाव. राजगड आणि तोरणा हे दोन्ही गड याच परिसरातले. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. अशा यादीत जाणाऱ्या गडाची हद्द, भोवतालचे क्षेत्र, बांधकामांची स्थिती हे सारे नकाशावर मांडावे लागते. पायथ्याच्या गावांतले वाडे, देवळे, वीरगळ, पाणवठे आणि गडावर चढणाऱ्या वाटा यांची नोंद कोण करणार? हे काम उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थ्यांच्या हातून होऊ शकते, आणि जगात ते झालेले आहे.

१९३३ साली अमेरिका मंदीत होरपळत होती. राष्ट्रीय उद्यान सेवेतल्या चार्ल्स पीटरसन या तरुण वास्तुविशारदाने एक टिपण लिहिले: बेकार झालेल्या एक हजार वास्तुविशारदांना दहा आठवडे काम द्या, ते देशातल्या जुन्या इमारती मोजून काढतील. त्यातून ऐतिहासिक इमारतींचे सर्वेक्षण उभे राहिले. १९५०च्या दशकात हे काम उन्हाळी विद्यार्थी-पथकांकडे आले. १९६९मध्ये पूल, गिरण्या, यंत्रे यांच्या नोंदींसाठी आणि २००० साली बागा, शेते, वसाहती अशा भूदृश्यांसाठी स्वतंत्र शाखा निघाल्या. चाळीस हजारांहून अधिक स्थळांची चित्रे, छायाचित्रे आणि टिपणे आज तिथल्या संसदेच्या ग्रंथालयात कोणालाही पाहता येतात.

आपल्याकडे कागदांच्या बाबतीत ही तळमळ त्याआधीच दिसली होती. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली, १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. कागद वाचले, पण ज्या वाड्यांत ते सापडत होते, ते वाडे मोजण्याची तशी चळवळ झाली नाही. त्याची किंमत शनिवारवाडा सांगतो. १८२८च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. आज त्यांचे रूप जोत्यांवरून, कारंज्यांवरून आणि कागदपत्रांतल्या उल्लेखांवरून ताडावे लागते.

मोजणीचे शास्त्र अवघड नाही, शिस्त मात्र कडक आहे. पहिल्या दिवशी टेपला हात लावायचा नाही. वास्तूभोवती फिरून हाताने कच्चा आराखडा काढायचा. मग तिघांची तुकडी: एक टेपचे टोक धरतो, दुसरा माप वाचतो, तिसरा ते मोठ्याने परत म्हणून लिहितो. जुन्या वाड्याची खोली क्वचितच काटकोनी असते, म्हणून चारही बाजूंबरोबर कर्णही मोजावे लागतात. भिंत झुकली आहे का, हे ओळंबा सांगतो; जोत्याची पातळी पाणी भरलेल्या नळीने तपासतात. ओसरी, सोपा, माजघर, परस असे क्रमाने टिपत जायचे; खांब, तुळया, कोनाडे यांची मापे वेगळी घ्यायची. आज टोटल स्टेशन आणि ड्रोन आले, तरी भिंतीला हात लावून मोजणाऱ्यालाच कळते की हा दरवाजा मागाहून बुजवलेला आहे.

मोजून काढलेले चित्र छायाचित्राहून अधिक सांगते, याचा राजगडाची संजीवनी माची हा उत्तम धडा आहे. समोरून काढलेल्या छायाचित्रात तट दिसतो. आडवा छेद काढला की तटाला लपेटलेला दुसरा तट, मधली अरुंद जागा आणि तिच्यात उतरण्याची वाट कळते. चिलखती बुरुज का म्हणतात, ते चित्र समजावते.

पण चित्रही पुरे पडत नाही. नसरापूरजवळ बनेश्वराला १६८३ साल कोरलेली घंटा आहे. छायाचित्रात साल दिसेल, आराखड्यात तिची जागा कळेल. वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा पेशव्यांनी बांधलेल्या शिवालयात का आहे, हे मात्र लिहूनच ठेवावे लागते. म्हणून चित्र, छायाचित्र आणि टिपण ही तिन्ही एकत्र असली, तरच नोंद पूर्ण.

आणि ऋतू उन्हाळ्याचाच. पावसाळ्यात या भागात धुके आणि गवत सगळे झाकून टाकते. एप्रिल-मेमध्ये तटाचे दगड उघडे पडतात, टाक्यांचे पाणी खाली जाऊन पायऱ्या दिसतात. भाटघर धरणाच्या पाण्याखाली असणारे कांबऱ्याचे कांबरेश्वर मंदिर तर पाणी ओसरल्यावर उन्हाळ्यातच उघडे पडते. ते मोजायचे तर जून उजाडण्याआधीच.

भूदृश्याची नोंद याहून व्यापक. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा झाडांइतकेच देव, प्रथा आणि राईची हद्द यांना महत्त्व दिले. गाव, पाणवठा, खाचरे, देवराई आणि गडाची वाट ही एकाच नकाशावर आणली की मावळातली माणसे कशी जगत होती, ते समोर येते. यात गावातली जुनी माणसे शिक्षक आणि विद्यार्थी टिपून घेणारे.

वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे परके नाही. १९५७मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या ‘नासा’ या राष्ट्रीय संघटनेत वास्तुनोंदीसाठी लुई कान करंडक दिला जातो. मात्र स्पर्धा संपली की चित्रे कॉलेजच्या कपाटात जाऊ नयेत.

विंझरला महाविद्यालय आहे. तिथल्या इतिहास-भूगोलाच्या मुलांना गावे आणि माणसे माहीत आहेत. पुण्याच्या वास्तुकला महाविद्यालयांतल्या मुलांना मोजणी येते. या दोघांनी येत्या उन्हाळ्यात एकत्र यावे. संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी, मुलांना मानधन द्यावे, घरमालकाला विचारूनच उंबरा ओलांडावा आणि प्रत्येक नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. एका सुटीत एक वाडा आणि एक वाट नीट नोंदली गेली, तरी सुरुवात झाली असे समजावे.