हाडाला घाई करता येते का?

लेखमाला : दात सरळ होताना – भाग ६

मागच्या भागात आपण दात हाडातून सरकतो कसा, ते पाहिलं. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर असतं. तारेने दात एका बाजूला रेटला की त्या बाजूचं अस्तर दाबलं जातं आणि तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. दुसऱ्या बाजूला अस्तर ताणलं जातं आणि तिथे नवं हाड भरलं जातं. हे दोन्ही नीट चाललं, तर दात महिन्याला सुमारे १ मिलिमीटर सरकतो. म्हणूनच उपचार दीड-दोन वर्षं चालतात.

त्यावर बऱ्याच वाचकांनी एकच प्रश्न विचारला : हे लवकर नाही का होत? विचारणाऱ्यांत लग्न ठरलेल्या मुली आहेत, परदेशी शिकायला निघालेली मुलं आहेत आणि पंचेचाळिशीत धीर करून तारा लावून घ्यायला निघालेल्या गृहिणीही आहेत. प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर हल्ली अनेक दवाखान्यांत ऐकू येतं : हिरडीखालच्या हाडावर छोटीशी शस्त्रक्रिया. आजचा भाग तिच्याविषयी.

आधी एक गैरसमज दूर करू. तार जास्त घट्ट केली म्हणून दात लवकर सरकत नाही. दाब फार झाला की अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, रक्तच पोहोचत नाही आणि तिथल्या पेशी मरतात. ती मेलेली जागा साफ होईपर्यंत दात दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही. शिवाय मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. म्हणजे वेग जोरावर ठरत नाही. हाड किती लवकर विरघळतं आणि भरतं, त्यावर तो ठरतो. मग हाडालाच घाई करता येईल का?

ऑस्ट्रियातले शल्यचिकित्सक हाइनरिश क्योले यांनी १९५९ मध्ये या दिशेने मोठं पाऊल टाकलं. दातांभोवतीच्या हाडाचा बाहेरचा कठीण थर हाच खरा अडथळा, असा त्यांचा विचार होता. हिरडी उघडून त्यांनी दातांच्या मधल्या हाडात उभे काप घेतले आणि मुळांच्या खाली हाड आडवं कापलं. दात सुटा न सरकता हाडाच्या ठोकळ्यासकट सरकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. दात खरोखर लवकर सरकले. पण शस्त्रक्रिया मोठी होती आणि फार थोड्यांनी ती स्वीकारली.

दात लवकर सरकण्याचं खरं कारण दुसऱ्याच शाखेतून पुढे आलं. हॅरोल्ड फ्रॉस्ट हे अमेरिकेतले अस्थितज्ज्ञ. हाडाला इजा झाली की आसपासच्या भागात हाड मोडण्याचं आणि घडण्याचं काम नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने चालतं, असं त्यांनी १९८३ मध्ये मांडलं. शरीर दुरुस्तीसाठी धावून येतं. रक्तपुरवठा वाढतो, सूज आणणारी रसायनं पाझरतात, त्यांच्या हाकेवर हाड विरघळवणाऱ्या पेशी गोळा होतात आणि हाडातलं कॅल्शियम काही काळ कमी होतं. हाड तात्पुरतं मऊ पडतं आणि मग पुन्हा भरून येतं.

पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या विल्को बंधूंनी हे ज्ञान दातांपर्यंत आणलं. विल्यम दात सरळ करणारे, तर थॉमस हिरड्यांचे तज्ज्ञ. २००१ मध्ये त्यांनी दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. सीटी स्कॅनमध्ये त्यांना सरकलेला ठोकळा कुठेच दिसला नाही. दिसलं ते कॅल्शियम कमी झालेलं हाड. क्योले यांचा अनुभव खरा होता, स्पष्टीकरण मात्र वेगळं निघालं. विल्को बंधू हाडावर उथळ काप आणि खड्डे घेत आणि वर हाडाची भुकटी पसरत. प्रौढांमध्ये दातांपुढचं हाड पातळ असतं. भुकटीमुळे तिथे जाडी मिळते, हा या पद्धतीचा वेगळा फायदा.

पुढे ही शस्त्रक्रिया लहान लहान होत गेली. २००९ मध्ये सर्ज दिबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरडी न उघडता बारीक उभ्या छेदातून, ध्वनिलहरींवर चालणाऱ्या पात्याने सुमारे ३ मिलिमीटर खोल काप घेण्याची पद्धत मांडली. हे पातं हाड कापतं आणि मऊ भाग सहसा इजेविना राहतो. त्याहून सोपी पद्धत म्हणजे हाडाला नुसती बारीक छिद्रं पाडणं.

हे छिद्रांचं काम कसं चालतं? समजा, पुढे आलेले दात आत घेण्यासाठी उपदाढ काढली आहे आणि सुळा त्या मोकळ्या जागेत मागे न्यायचा आहे. आधी एक्स-रे पाहून मुळं कुठे आहेत ते नक्की करतात. जंतुनाशक औषधाने चूळ भरायला लावतात आणि हिरडीत बधिरतेचं इंजेक्शन देतात. मग स्क्रू-ड्रायव्हरसारख्या छोट्या हत्याराचं टोक हिरडीवर टेकवून हाताने हळूहळू फिरवतात. हिरडी ओलांडून कठीण हाड लागलं की हाताला जाणवतं. आणखी दोन-तीन मिलिमीटर आत गेलं की टोक उलटं फिरवून बाहेर काढतात. सुळ्यामागे एकाखाली एक अशी तीन छिद्रं पाडली की झालं. दीड मिलिमीटर रुंदीच्या छिद्राला टाका लागत नाही. रुग्णाला दुखत नाही, दाब तेवढा कळतो. घरी गेल्यावर ठणका लागलाच तर पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी मात्र शक्यतो टाळतात, कारण इथे ती सूजच कामाची असते.

छिद्रं कुठे पाडायची, यातही कौशल्य आहे. सुळ्याजवळचं हाड मऊ पडावं आणि मागच्या दाढेजवळचं घट्ट राहावं. तसं झालं तर सुळा मागे येतो आणि दाढ पुढे घसरत नाही.

आता मुद्द्याचं : वेळ किती वाचतो? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये २० प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. छिद्रं पाडलेल्या बाजूचा सुळा २८ दिवसांत २.३ पट वेगाने सरकला होता. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब मांडून पाहा. महिन्याला १ मिलिमीटर सरकणारा सुळा त्या महिन्यात २.३ मिलिमीटर सरकला, म्हणजे कमाई १.३ मिलिमीटर, वाचला सुमारे सव्वा महिना. हाडाचा मऊपणा टिकत नाही. तो पहिल्या एक-दोन महिन्यांत सर्वांत जास्त असतो आणि मग ओसरतो. तोच वेग हवा असेल तर छिद्रं पुन्हा पाडावी लागतात. नंतरच्या काही चाचण्यांत तर छिद्रं पाडलेल्या आणि न पाडलेल्या बाजूंत लक्षणीय फरकच आढळला नाही.

पात्याच्या पद्धतीचा अनुभव जरा बरा आहे. बेल्जियममध्ये २४ प्रौढांवर झालेल्या एका चाचणीत (२०१६) एकूण उपचाराचा काळ ४३ टक्क्यांनी कमी झाला, पण काहींच्या हिरडीवर व्रण राहिले. कोक्रेन संस्थेने २०१५ मध्ये अशा शस्त्रक्रियांचा आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या चारच चाचण्या सापडल्या. त्यांत मिळून रुग्ण ५७. दात काही काळ लवकर सरकतात असं दिसलं, पण पुरावा कच्चा होता, हा त्या आढाव्याचा निष्कर्ष.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. या पद्धती खोट्या नाहीत, त्यांमागचं जीवशास्त्र भक्कम आहे. पण त्या उपचाराच्या एका टप्प्याला वेग देतात, सगळ्या उपचाराला नाही. वेडेवाकडे दात रांगेत आणणं, जागा बंद करणं आणि शेवटी वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसवणं, असे तीन टप्पे असतात. शेवटचा टप्पा बारकाईचा. तिथे हाड मऊ असून फारसा लाभ नाही. ‘सहा महिन्यांत दात सरळ’ अशी जाहिरात दिसली, तर कोणता टप्पा किती महिन्यांनी कमी होणार, हे डॉक्टरांना विचारा. शस्त्रक्रिया एकदाच की पुन्हा करावी लागेल, तिचा खर्च वेगळा किती, आणि त्यानंतर दर दोन आठवड्यांनी तपासणीला यावं लागेल का, हेही विचारा. मऊपणाचा काळ तपासणीविना वाया गेला तर केलेलं सगळं फुकट.

काहींनी या वाटेला जाऊच नये. हिरड्यांतून पू किंवा रक्त येत असेल, मधुमेह ताब्यात नसेल, दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल, किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट गटातलं औषध घेत असाल, तर ते आधीच सांगा. बिस्फॉस्फोनेटने हाडाची झीज मंदावते, पण जबड्यावरची जखम भरायला अडचण येऊ शकते. तंबाखू आणि सिगारेटही जखमेच्या शत्रूच.

आणि एक वेग प्रत्येकाच्या हातात आहे. ठरलेल्या तारखेला जाणं, रबर सांगितलेले तास लावणं, चिक्की, ऊस, सुपारी टाळून ब्रॅकेट निघू न देणं. निघालेलं एक ब्रॅकेट महिनाभर तसंच राहिलं, तर तीन छिद्रांनी कमावलेला महिना तिथेच खर्ची पडतो. ज्यांना शस्त्रक्रियेचा खरंच उपयोग आहे अशा प्रौढांनी ती जरूर करावी, पण आधी ही शिस्त अंगी बाणवून.

पुढच्या भागात : तारा काढल्यानंतर दात पुन्हा जुन्या जागेकडे का ओढले जातात, आणि रिटेनर किती वर्षं वापरावा.