ब्रेक ऑइल जातं कुठे?

इस्लामपूर–पेठ नाका पट्ट्यातल्या जुन्या वडाप (शेअर प्रवासी) जीपचं ब्रेक पेडल खाली बसू लागलं की पहिला उपाय ठरलेला: बाटली आणा, ऑइल ओता. हे बिघाडाचा पुरावा पुसणं झालं. ब्रेक ऑइल डिझेलसारखं जळून संपत नाही. पॅड झिजल्यावर डिस्क ब्रेकच्या गाडीत पातळी थोडी उतरते, पण ती वारंवार उतरत असेल तर गळती आहेच. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर व्हील सिलिंडर पाहावा. बाहेर थेंबही नसेल, तर ऑइल मास्टर सिलिंडरमागून बूस्टरमध्ये जात असण्याचा संशय घ्यावा. पातळी जागेवर, तरी दाबून धरलेलं पेडल सावकाश खाली जातं? मग बहुधा मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत दाब सोडतंय.

‘दोनदा पंप केलं की लागतो ब्रेक,’ हे चालकांचं म्हणणं खोटं नाही. सपाटीवर निभतंही. पण खंबाटकी घाटासारख्या उतारावर दुसऱ्यांदा पाय मारायला अंतर उरेलच असं नाही. शिवाय ऑइल हवेतली ओल शोषतं: डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, ओलावल्यावर मानकानुसार १४० पुरतो. तापल्या चाकाशी त्याची वाफ झाली की पेडल थेट तळाला. ‘सिलिंडरचं नवं रबर किट टाकून मोकळं व्हा,’ हाही सल्ला अर्धाच. सिलिंडरच्या आत ओरखडे असतील तर नवं रबरही लवकर कापलं जातं.