सूज उतरवणारा रेणू

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसलं की बहुतेक जण दोन दिवस ब्रश हलक्या हाताने फिरवतात आणि विसरून जातात. दुखत नाही ना, मग कशाला काळजी? पण हिरड्यांचा आजार असाच, न दुखता वाढतो. हिरडी दातापासून सुटते, आतलं हाड झिजतं आणि एक दिवस न किडलेला, धडधाकट दात हलू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना हा आजार गंभीर स्वरूपात आहे.

हे हाड जंतू खातात असं आपण समजतो. जंतू सुरुवात करून देतात हे खरं, पण पुढची बरीचशी नासधूस आपल्याच शरीरातली सूज करते. जंतूंवर धावून आलेल्या पांढऱ्या पेशी जी विकरं सोडतात, त्यांत हिरडीचे तंतूही विरघळतात. हाड झिजवणाऱ्या पेशी जोर धरतात. म्हणूनच १९८०च्या दशकात अमेरिकेत बीगल कुत्र्यांना फ्लर्बिप्रोफेन हे सूज दाबणारं औषध देऊन पाहिलं गेलं. हाडाची झीज मंदावली. मात्र अशी औषधं वर्षानुवर्षं घेतली तर पोट आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात.

बोस्टन विद्यापीठातल्या थॉमस व्हॅन डाइक आणि हातिजे हास्तुर्क यांनी निराळी वाट धरली. सूज नुसती ओसरत नाही, शरीर ती कामाला लागून उतरवतं, हे हार्वर्डच्या चार्ल्स सेरहान यांच्या संशोधनातून पुढे आलं होतं. माशांच्या तेलात असणाऱ्या ओमेगा-३ मेदाम्लांपासून शरीर रेझॉल्विन नावाचे रेणू बनवतं. ते पांढऱ्या पेशींची नवी कुमक थांबवतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा शरीराला उचलायला लावतात.

या चमूने सशांच्या उपदाढांभोवती रेशमी दोरा बांधला आणि तिथे हिरडीच्या आजारातला एक कुख्यात जंतू, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, लावला. सहा आठवड्यांत हाड झिजलं. पुढचे सहा आठवडे काही सशांच्या हिरडीवर रेझॉल्विन ई-१ लावलं, तेही मायक्रोग्रॅमच्या मात्रेत. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: झीज थांबली, इतकंच नव्हे तर गेलेलं हाड भरून आलं. रक्तातली सूजदर्शक प्रथिनंही घटली.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. रेझॉल्विन हे प्रतिजैविक नाही, तरीही तो जंतू नाहीसा झाला. सुजलेल्या हिरडीत तुटलेल्या प्रथिनांवर तो जगतो. सूज उतरली आणि त्याचं अन्नच तुटलं. जंतूमुळे सूज येते, तशी सूजही जंतूला पोसते.

तरीही हुरळून जायला नको. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, आपले नाही. सहा आठवड्यांत घडवलेला आजार आणि माणसात वीस वर्षं मुरलेला आजार यांतही फार अंतर आहे. हाड भरलं का, हे नेमकं पाहण्यासाठी त्या सशांना जीव गमवावा लागला, याचीही नोंद हवी. आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या म्हणजे हे औषध नव्हे.

माणसांसाठी असं औषध येईल तेव्हा येईल, तोवर खात्रीचा उपाय जुनाच आहे: दंतवैद्याकडून दातांवरचं कीटण काढून घेणं, म्हणजेच स्केलिंग. स्केलिंगने दात सैल होतात, या ऐकीव भीतीपायी दवाखाना टाळू नका; कीटण निघाल्यावर आधीच सैल झालेला दात फक्त जाणवू लागतो. हिरडीतून रक्त येत असेल तर या आठवड्यातच दंतवैद्याला दाखवा.